पिशवीवरचं मांजर

व्यासपीठाच्या मधोमध बसलेले, आपल्या माळरान दूध उत्पादक व पशुखाद्य सहकारी संस्थेचे चेअरमन मा. माणिकराव; प्रमुख पाहुणे, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी साहेब; ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं या संस्थेचे सचिव राहिलेले सिद्धेश्वरअप्पा; एकतीस वर्षं त्यांचा डबा वेळेवर पाठवून ज्यांना आज पहिल्यांदा व्यासपीठावर खुर्ची मिळाली त्या गंगासागरताई; सन्माननीय संचालक; आणि एवढ्या उन्हातून आलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना ताराबाईचा जय भीम, नमस्कार आणि शरणार्थ.

सोमवार, तारीख बारा जानेवारी दोन हजार पंधरा, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

अप्पा, दचकू नका. निरोपाच्या भाषणाला लोक सत्कारमूर्तीच्या जन्मतारखेपासून सुरुवात करतात, मी दुसऱ्या एका तारखेपासून करते आहे, एवढाच फरक. त्या दिवशी त्या वेळी तुम्ही संस्थेच्या काउंटरवरून स्वतःच्या हाताने मला तीन किलोची एक पिशवी दिलीत. वेळ मला कशी आठवते, असं समोरून कोणीतरी कुजबुजलं. आठवत नाही, लिहिलेली आहे. निवेदकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ सभासद' अशी करून दिली. ज्येष्ठ म्हणजे म्हातारी, हे मला कळतं. उरलेली ओळख मी देते. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होते. हाती आलेल्या प्रत्येक बाटलीवर, पुडीवर, डब्यावर तारीख आणि वेळ लिहायची सवय मला आहे. लोणच्याच्या बरणीवरही असते. ही ती पिशवी. रिकामी आहे, पण जपून ठेवली आहे. मागच्या रांगेला दिसावी म्हणून जरा उंच धरते.

'माळराजा. श्वान व मार्जार संपूर्ण आहार.' डावीकडे जीभ बाहेर काढलेला कुत्रा. उजवीकडे मांजर. खाली ठळक अक्षरांत, 'दुसरे काहीही देण्याची आवश्यकता नाही.'

आज मी बोलणार आहे ती या उजवीकडच्या मांजराबद्दल. या चित्रावर विश्वास ठेवून माझ्या मांजरीचे डोळे गेले. आणि हेच चित्र छापलेल्या दोनशे साठ पिशव्या या मांडवामागच्या गोदामात आत्ता रचलेल्या आहेत. सोमवारी सकाळी त्या धारूरच्या आणि चौसाळ्याच्या दुकानांत जाणार आहेत.

माणिकराव, घड्याळ बघू नका. तुमच्या भाषणाच्या वेळी मी बघितलं नव्हतं.

आधी अप्पांचं श्रेय अप्पांना देते, कारण ते खरं आहे आणि मला खोटं बोलायची सवय नाही. दोन हजार चौदाचा पाऊस आठवा. आठवायला काही नाहीच म्हणा. सभासदांनी जनावरं विकली, उरलेली छावणीवर नेऊन बांधली. संस्थेत दूध यायचं ते कधीकधी दोन कॅनमध्ये मावायचं. पशुखाद्याचं यंत्र बंद पडलं. बिघडून नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून. यंत्रावरच्या नऊ हमालांना घरी बसवा असं संचालकांनी सुचवलं. अप्पा म्हणाले, "म्हशी गेल्या, पण शहरात लोकांनी कुत्री पाळलीत. यंत्राला काय, दळायला सांगाल ते दळतंय." आणि कुत्र्यांचा खाऊ सुरू झाला. नऊच्या नऊ माणसं कामावर राहिली. त्यातले सात जण समोर बसले आहेत. मी पहिली पिशवी घेतली ती त्यांच्यासाठी. माझ्या घरी कुत्रा नव्हता. मांजर होती, मार्था. मला विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव मी तिला दिलं होतं. दोघींचीही नजर तशीच, तुम्ही काहीतरी चुकीचं करणार आहात हे आधीच माहीत असल्यासारखी.

त्या दिवशी काउंटरवर आमचं झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगते.

अप्पा म्हणाले, "बाई, संस्थेचा पहिला माल हाय. बोहनी तुमच्या हातानं होऊ द्या."

मी विचारलं, "मांजराला चालेल?"

"चित्र काढलंय की! उगंच काढलंय का?"

झालं. चौतीस वर्षं लोकांना सांगत आले की खोक्यावरच्या चित्राकडे बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. आणि त्या दिवशी मी स्वतः चित्र बघितलं. घरी गेले, मार्थाची रोजची सुकट बंद केली, कारण पिशवीवर 'संपूर्ण' लिहिलं होतं. आणि बाजारातून सुकट आणून ती निवडायचा मला कंटाळा होता, हेही लिहून घ्या. अप्पांची चूक सांगायला उभी राहिले आहे, तर माझी लपवून ठेवणार नाही.

तेरा महिने सगळं छान चाललं. यंदाच्या फेब्रुवारीत एका सकाळी मार्थाने खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली आणि कट्टा चुकला. मांजराचा नेम चुकलेला कोणी पाहिलाय? पडल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मला वाटलं बघितलं. मग ती पाण्याच्या वाडग्यात पाय घालून पुढे गेली. भर उन्हात तिला अंगणात धरलं, तर बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. उन्हात मांजराची बाहुली अशी रेघेसारखी व्हायला हवी. हिची काळ्या मण्यासारखी गोल.

मला आधी टँकरच्या पाण्याचा संशय आला. पंधरा दिवस पाणी उकळून पाजलं. मग वाटलं, वय झालं. शेजारणीने सांगितलं, नजर लागली. त्यावर मी काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी टोपलीत घालून तिला एसटीने उदगीरला नेलं. कंडक्टरने विचारलं, "बाई, टोपलीत काय?" मी म्हटलं, "पेशंट." त्याने पुढे विचारलं नाही.

उदगीरला एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी मार्थाच्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं, छातीला नळी लावली आणि मला विचारलं, "खायला काय घालता?"

मी अभिमानाने पिशवी काढून टेबलावर ठेवली. आपल्या तालुक्याचा माल!

त्यांनी पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही. पिशवी उलटी केली, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाल्या, "आजी, यात मांस कुठे आहे?"

मी म्हटलं, "प्रथिनं चोवीस टक्के आहेत."

"आहेत. पण कुणाची?"

सभासदहो, या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. प्रथिनं कुणाची? आकड्याला कूळ असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी घरी आले आणि मला छंदच लागला. लातूरहून, पुण्याच्या भाचीकडून, जिथून मिळतील तिथून मांजरा-कुत्र्यांच्या खाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि डबे मागवले. जेवणाच्या टेबलावर पसरून भिंग घेऊन वाचत बसले. शेजारणीला वाटलं, मी दुकान काढलं. वाचून जे कळलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी आता कुत्रं आहे.

पहिली गंमत घटकांच्या यादीची. नियम असा की मिश्रण करताना ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी. सोपं वाटतं ना? एका देखण्या पिशवीवर पहिलं नाव कोंबडीचं होतं. मी खूश. पुढे वाचलं, तर मका, मग मक्याचं पीठ, मग मक्याचा भरडा. एकाच घरातले तीन भाऊ तीन वेगवेगळे अर्ज भरून उभे. मतं विभागली आणि कोंबडी पहिली आली! तिघांची बेरीज केली तर सत्ता मक्याची. सहकारातल्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे कळायला किती वेळ लागतो? आणि ती कोंबडीही ताजी, म्हणजे तिच्या वजनात दोन तृतीयांशाहून जास्त पाणीच. वाळल्यावर किती उरली, ते यादी सांगत नाही.

दुसरी गंमत पाण्याचीच. भाचीने पाठवलेल्या एका डब्यावर प्रथिनं नऊ टक्के. आपल्या पिशवीवर चोवीस. मी डॉक्टरीण बाईंना फोन करून म्हटलं, "तुमच्या डब्यापेक्षा आमची संस्था बरी!" त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी, दोन्हीतलं पाणी काढा आणि मग मोजा." डब्यात ऐंशी टक्के पाणी. उरलं वीस, त्यात नऊ प्रथिनं. म्हणजे कोरड्यात पंचेचाळीस टक्के. आपल्या पिशवीत पाणी दहा, उरले नव्वद, त्यात चोवीस. म्हणजे सत्तावीसही नाही. मी कपाळावर हात मारला. तीन वर्षं आपण सगळे पाण्याशिवाय जगतो आहोत, आणि पाणी वजा करून बघायचं मला सुचू नये?

तिसरी गोष्ट, विशेषणांची. 'कोंबडीयुक्त' म्हणजे कोंबडी थोडीतरी आहे. 'कोंबडीच्या स्वादाचं' म्हणजे कोंबडी शेजारून गेली. आपल्या पिशवीवर काय आहे, सांगते: 'रुचकर स्वाद'. कशाचा, ते नाही. आणि सगळ्यांत मोठा शब्द, 'संपूर्ण'. संपूर्ण आहार वेगळा आणि पूरक आहार वेगळा. पूरक म्हणजे सोबत दुसरं काही द्यायचंच. संपूर्ण म्हणजे एवढ्यावर ते जनावर जगेल, ही लेखी हमी. आणि ती हमी कोणत्या जनावरासाठी आणि कोणत्या वयासाठी, हे लिहावं लागतं. कुत्र्याला संपूर्ण असलेलं मांजराला संपूर्ण नसतं. का?

कारण टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे. डोळ्याच्या पडद्याला लागतो, हृदयाला लागतो. मांसात असतो, मासळीत असतो. शेंगदाण्याच्या पेंडीत, सोयाबीनमध्ये, मक्यात, ज्वारीत नसतो. कुत्र्याचं शरीर तो बहुधा स्वतः तयार करून घेतं. मांजराचं शरीर पुरेसा करू शकत नाही, त्याला तो खाण्यातूनच मिळावा लागतो. म्हणूनच माणिकरावांचा कुत्रा याच पिशवीवर वाढला आणि ठणठणीत आहे. जरा जास्तच ठणठणीत आहे, ते का, हेही सांगते. पिशवीच्या मागे खालच्या कोपऱ्यात लिहिलं आहे, 'गाभण काळात शेवटचे दोन महिने रोज एक किलो जादा द्यावे.' हा मजकूर म्हशीच्या पोत्यावरचा आहे. तो तसाच इकडे उतरवला. मांजर एकूण दोनच महिने गाभण राहते, सभासदहो! माझ्या मार्थाचं वजनच तीन किलो. माणिकरावांच्या घरी मात्र गाभण नसलेल्या कुत्र्याला हा नियम निष्ठेने पाळला गेलेला दिसतो.

हसा, हसा. मीही हसले होते, पिशवी घेतली त्या जानेवारीतच. तेव्हा हसून सोडून दिलं, छपाईची चूक म्हणून. ज्या लेबलावर एक चूक उघड दिसते, त्यावर न दिसणाऱ्या किती असतील, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता.

पण माझ्या डोक्यातून एक कोडं जाईना. संस्थेच्या गोदामात एक पिवळी मांजर आहे. फाटक्या पिशव्यांतलं हेच खाणं ती रोज खाताना मी पाहिलं होतं. तिचे डोळे कसे शाबूत? डॉक्टरीण बाईंचं म्हणणं खरं असेल, तर तीही आंधळी व्हायला हवी. म्हणून मी एका सकाळी गोदामात जाऊन बसले. शहादेव तिथे थप्पी लावत होता. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, विचारा त्याला.

मी म्हटलं, "शहादेव, ही मांजर आपला माळराजा खाते ना?"

"खाती की, बाई. रोज सकाळी."

"मग हिचे डोळे चांगले कसे?"

"कावून वाईट व्हतील? वाचाय बसती का ती?"

"चेष्टा करू नकोस. नीट सांग, दिवसभर काय काय खाते?"

"आवं बाई, सकाळचं त्ये निस्तं तोंड हलवाय. तिचं खरं जेवान दुपारी, सरकीच्या थप्पीमागं. रोजची दोन-तीन उंदरं. समद्या शिवारात दाणा न्हाई, म्हनून गावचे उंदीर हितंच आलेत. लई सुखात हाय ती. दुष्काळ आमाला, तिला दिवाळी."

मी त्या थप्पीवरच बसून राहिले. कोडं सुटलं होतं. जी मांजर पिशवीवर विसंबली नाही, तिचे डोळे राहिले. माझं घर पहिल्या मजल्यावर, खिडक्यांना जाळी, घरात धान्याचा दाणा उघडा नाही. उंदीर कुठून यायचा? माझ्या स्वच्छतेचा मला केवढा अभिमान होता!

तिथून मी सरळ अप्पांच्या टेबलापाशी गेले. सोमवार, एकवीस मार्च. अप्पा, तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, "यात मासळीची पूड का घातली नाही?"

तुम्ही म्हणालात, "बाई, त्या यंत्रात म्हशीचा खुराक निघतो. त्यात तसलं काही जाता कामा नये, नियमच हाय. आन् नियम नसता, तरी दसऱ्याला मी त्या यंत्राला हात जोडतो. माझ्याच्यानं झालं नसतं."

दोन्ही कारणं मला मान्य आहेत, हे मी भर सभेत सांगते. नियम योग्य आहे, म्हशीच्या पोटात मांस जाऊ नये. आणि कोणाच्या श्रद्धेची मी थट्टा करत नाही. अप्पांच्या घरी मी कित्येकदा जेवले आहे. गंगासागरताईंच्या हातच्या शेंगाच्या पोळीपुढे मला माझी मासळी आठवत नाही. प्रत्येकाने आपापल्या ताटात काय घ्यायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मांजरीच्या ताटाचं मांजरीने ठरवलं आहे, लाखो वर्षांपूर्वी, आपल्याला न विचारता. मांस घालायचं नव्हतं, तर मांजर छापायची नव्हती. एवढंच माझं म्हणणं होतं.

मी विचारलं, "मग हे चित्र का?"

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि मग जे सांगितलं, ते खरं सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे. म्हणाले, "छपाईवाल्यानं कुत्र्याचं चित्र लावलं. उजवीकडं जागा मोकळी दिसाया लागली. मीटिंगमधी म्हनले, कायतरी घाला. त्याच्याकडं मांजर तयार होतं."

ऐकलंत? जागा मोकळी होती! ठराव क्रमांक सात, सूचक आहेत, अनुमोदक आहेत, सर्वानुमते मंजूर. मी इतिवृत्त पाहिलं आहे. एका प्राण्याने काय खाऊन जगावं, हे अकरा माणसांनी चहाबरोबर ठरवलं, आणि ठरवताना त्यांना आपण काही ठरवतो आहोत, हे कळलंसुद्धा नाही. कोणाच्या मनात पाप नव्हतं. लबाडी असती तर माझं काम सोपं झालं असतं, मी सरळ ग्राहक मंचात गेले असते.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, भात गार होतोय." होऊ द्या. एका मांजरीसाठी म्हातारी एवढं बोलते, असंही तुम्हाला वाटत असेल. मार्थाचं सांगते. तिचं हृदय सुजलं होतं, ते योग्य खाण्याने आणि औषधाने सावरतंय. डोळे परत येणार नाहीत. ती आता भिंतीला मिशा लावून चालते, आणि मी घरातलं स्टूलसुद्धा हलवत नाही. तिच्यासाठी मला काही मागायचं नाही. संस्थेने तिला देण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी उभी आहे ती दुसऱ्यांसाठी. मांजरीसाठी ही पिशवी नेणारी घरं तालुक्यात आणि आजूबाजूला एकोणीस आहेत. अप्पांकडे नेणाऱ्यांच्या नावांची वही आहे. कोणाकडे कुत्रा आणि कोणाकडे मांजर, हेही अप्पांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं आहे. अशा टापटिपीचा सचिव आपल्याला परत मिळणार नाही. घरांचा आकडा त्यांनी सांगितला, वही मात्र लांबून दाखवली. नावं द्यायला ठराव लागतो म्हणाले. मग मी चौकशी करत, एसटीने, जीपने, पायी, सात घरं शोधली. सातवं घर चौसाळ्याच्या सरूबाईचं. एकटी बाई, मुलं पुण्याला, घरात बोलायला एक करडी मांजर. मी विचारलं, "डोळ्यांना काही त्रास जाणवतो का हिच्या?"

सरूबाई म्हणाली, "आंधळी न्हाई वो, बाई. बघती. पन आता लांबनंच बघती. मी हाक मारली की भलतीकडंच तोंड करती. मला वाटलं, रुसली हाय माज्यावर. म्हातारीचा कटाळा आला आसंल तिला."

तिला घेऊन आम्ही उदगीरला गेलो. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, थोडं गेलं आहे, पण पुष्कळ उरलं आहे, आणि खाणं आजपासून बदललंत तर उरलंय ते टिकेल. सरूबाईने पदर तोंडाला लावला. मला म्हणाली, "म्हंजी रुसली नव्हती!"

आता समजलं मी का थांबत नाही? सात घरं मला सापडली. बारा घरं त्या वहीत आहेत. बारा घरांत कोणाला तरी वाटत असेल की आपली मांजर म्हातारी झाली, आळशी झाली, रुसली. रोज वाडग्यात तेच पडतं आहे, मोठ्या मायेने. आणि रोज थोडं जातं आहे, जे परत येत नाही. त्यात सोमवारी आणखी दोनशे साठ पिशव्या.

मी एकवीस मार्चलाच लेखी अर्ज दिला. आवक क्रमांक एकशे चौदा, शिक्क्यासह माझ्याजवळ आहे. आज चाळीस दिवस झाले. अप्पांनी तो सभेपुढे ठेवला. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब, कारण संचालक टँकरच्या मागे होते. दुसरी तहकूब, कारण संचालक लग्नांना गेले होते. तिसरी आजच्या समारंभाच्या तयारीत बुडाली. काल मी विचारलं, तर अप्पा म्हणाले, "बाई, आता नवीन सचिव आल्यावर बघतील. जाता-जाता मला वादात घालू नका." अप्पा, एकतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य मला आवडलं नाही. नवीन सचिव पंधरा दिवसांनी रुजू होणार. ते आधी किल्ल्या मोजतील, मग फायली, मग माझा अर्ज. तुम्हाला वाद नको आहे. मलाही नको. वाद घालायला मला संपूर्ण मे महिना मोकळा आहे, पण त्या बारा मांजरींना नाही.

आणि पेढ्यांसाठी का होईना, आज अकराच्या अकरा संचालक या व्यासपीठावर आहेत. सभा घ्यायला आणखी काय लागतं? पशुधन अधिकारी साहेबही आहेत, शंका असेल त्यांनी विचारावं. साहेब मान डोलावताहेत, पाहा. शहादेव आणि बाकीच्यांच्या पोटावर पाय येईल, अशी कोणाला भीती असेल, तर तेही मी त्यांच्याशी बोलले आहे. पिशव्या फेकायच्या नाहीत. कुत्र्यांसाठी पूरक आहार म्हणून हा माल उत्तम आहे. मांजरीवर चिकटपट्टी लावायची, 'संपूर्ण' खोडून 'पूरक' लिहायचं, म्हशीचा मजकूर काढायचा. शहादेव म्हणाला, "आमी नऊ जन बसलो तर रविवारच्या दुपारपर्यंत समद्या पिशव्या हुतील, बाई." म्हणजे काम करणारे तयार आहेत. फक्त सही करणारा हवा आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी आभारी आहे. गंगासागरताई, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी आवाज चढवला. तुमच्या मालकांबद्दल माझ्या मनात राग कमी आणि माया जास्त आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मात्र जे तपशील सांगितले, त्यांत चूक आढळली तर पोटात घालू नका, मला दाखवा. मी दुरुस्त करीन.

अप्पा, शाल तुम्हाला शोभून दिसते. माझी मागणी एका कागदाची आहे. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, दोन गोष्टी लिहून द्या: दुरुस्ती झाल्याशिवाय गोदामातली एकही पिशवी बाहेर जाणार नाही, आणि वहीतल्या बारा घरांना संस्था उद्या संध्याकाळच्या आत स्वतः कळवेल. खाली तुमची सही आणि माणिकरावांची. आत्ता चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत. साडेपाचला तुम्ही कार्यभार सोडता, त्यानंतर तुमच्या सहीला सचिवाची सही म्हणता येणार नाही. तेव्हा लेखी उत्तर मला आज, शनिवार, तीस एप्रिल दोन हजार सोळा, सायंकाळी सव्वापाचच्या आत हवं आहे. मी जेवायला बसत नाही. जावक रजिस्टरच्या टेबलापाशी थांबते.